देवासचे आजारपण

माळव्यातील धार आणि देवास ही गावे मराठी वाचकाला परकी नाहीत. पेशवाईच्या काळात पवारांच्या घराण्याने तेथे आपल्या गाद्या स्थापन केल्या. देवासची तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी वाटणी झाली आणि एका लहानशा गावात दोन राजे, दोन दरबार असा अजब कारभार पिढ्यान्‌पिढ्या चालला. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने थोरल्या पातीच्या महाराजांच्या पदरी काही काळ काढला आणि १९५३ साली त्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा पाश्चात्त्य वाचकांची त्या हकिकतींनी मोठी करमणूक झाली. मराठी माणसाच्या मनात मात्र देवासचे नाव राजांमुळे राहिलेले नाही. ते राहिले आहे टेकडीच्या पायथ्याशी वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून पडलेल्या एका तरुण गवयामुळे.

कुमार गंधर्वांची जन्मशताब्दी २०२४ साली पार पडली. त्या निमित्ताने त्यांच्या गाण्याविषयी पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्यांच्या आयुष्यातील ज्या पर्वाकडे आज आम्हांला वाचकांचे, विशेषतः पालकांचे आणि शिक्षकांचे, लक्ष वेधावयाचे आहे ते गाण्याचे नसून न गाण्याचे आहे. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षीच रसिकांनी डोक्यावर घेतलेला होता. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांच्या विद्यालयात त्याची तालीम झाली. आपल्या पेडणे महालातील मालपे गावाचे नाव लावणाऱ्या अंजनीबाईंकडूनही त्याने विद्या घेतली. १९४७ साली भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला आणि पाठोपाठ क्षयाचे निदान झाले. तेव्हा वय होते तेवीस. कोरड्या हवेत राहावे या सल्ल्यानुसार १९४८ च्या जानेवारीत हे जोडपे देवासला आले. वैद्यांनी गाण्याला साफ मनाई केली. बालपणापासून ज्याला गाण्यावाचून दुसरी ओळख नव्हती, त्याने ऐन तारुण्यात पाच-सहा वर्षे आवाज लावायचा नव्हता.

तेवीस वर्षांचे वय म्हणजे काय, हे आजच्या घरांतून पाहावे. स्पर्धापरीक्षेची दुसरी किंवा तिसरी खेप देणारा, शहरात भाड्याच्या खोलीत राहणारा, घरच्यांचे डोळे ज्याच्याकडे लागले आहेत असा मुलगा या वयाचा असतो. धार आणि देवास या दोन्ही गावांची मुले अशा परीक्षांच्या शिकवणीसाठी इंदूरला जातात. आपली मुले पुण्यास, कोटा येथे किंवा बंगळुरास जातात. ज्या एका गोष्टीवर सारे आयुष्य पणाला लावले तीच हातातून निसटली असे वाटण्याचा क्षण त्यांच्याही वाट्याला येतो. त्या क्षणी भोवतालचे जग कसे वागते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

कुमारांच्या बाबतीत ते जग कसे वागले? पहिली गोष्ट म्हणजे औषध मिळाले. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली अमेरिकेत लागला होता आणि त्याच्या शास्त्रशुद्ध चाचणीचे निष्कर्ष ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे कुमार देवासला आले त्याच वर्षी. औषध नवे, परदेशी आणि महाग होते. चार-पाच वर्षे आधी हा आजार झाला असता तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे भानुमतीबाई. त्या स्वतः शिकलेल्या गायिका होत्या. त्यांनी देवासच्या शाळेत नोकरी धरून संसार चालविला आणि शुश्रूषा केली. कुमारांच्या गाण्याचे श्रेय वाटताना आपल्या समीक्षकांनी या बाईंच्या पगाराचा उल्लेख क्वचितच केला आहे. तिसरी गोष्ट म्हणजे माणसे. रजब अली खाँसाहेबांचे हे गाव. संगीत जाणणारे, येऊन बसणारे, बोलणारे लोक तेथे होते. आणि चौथी गोष्ट म्हणजे कान उघडे होते. अंथरुणावर पडल्यापडल्या घरावरून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी, भिक्षेकऱ्यांची आणि नाथपंथीयांची निर्गुणी भजने त्यांच्या कानी पडू लागली. त्यांचे चिंतन सुरू झाले. लोकधुनांतून राग कसा उगवतो, या प्रश्नाने त्यांच्या रिकाम्या दिवसांना काम दिले. १९५२-५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. पण गाणे नवे होते. 'मालवती', 'लगनगंधार' यांसारखे राग पुढे आले ते या मशागतीतून.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. आजारानेच कलावंत घडला, दुःखाच्या भट्टीतूनच प्रतिभेचे सोने उजळते, असे म्हणण्याची आपल्या साहित्यिकांना फार हौस आहे. हा विचार तरुण मुलांच्या बाबतीत नुसता चुकीचा नाही, तो धोक्याचा आहे. क्षयाने त्या काळात असंख्य तरुण मेले; त्यांच्यात किती गायक, किती गणिती, किती कवी होते याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. कुमारांना आजाराने काही दिले नाही. त्यांना जे दिले ते औषधाने, पगाराने, जेवणाने, विश्रांतीने, सोबतीने आणि झेपेल तेवढ्या कामाने दिले. यांतली एखादी गोष्ट वजा केली असती तर देवासचे नाव आज फक्त फॉर्स्टरच्या पुस्तकात उरले असते. खिन्नतेने ग्रासलेल्या विद्यार्थ्याला 'दुःखातूनच माणूस मोठा होतो' असे सांगणारे शिक्षक आणि काका आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. ते औषधाऐवजी सुभाषित देतात.

क्षयाची आणि मनाच्या आजाराची तुलना आणखी एका दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्या काळी क्षय हा शब्द घरात मोठ्याने उच्चारला जात नसे. रोग्याची भांडी वेगळी, खोली वेगळी. घरातल्या मुलींची लग्ने जमेपर्यंत रोग लपवून ठेवायचा, 'अशक्तपणा आहे' म्हणून पाहुण्यांना सांगायचे. कोकणपट्टीत आणि गोव्यातही हेच चालत असे. आज उदासीनता, चिंताविकार, स्किझोफ्रेनिया या आजारांच्या बाबतीत शब्दशः हेच चालते. मुलगा चार महिने खोलीबाहेर पडत नाही, जेवत नाही, रात्ररात्र जागतो, आणि पाहुण्यांना सांगितले जाते की तो अभ्यास करतो आहे. मुलीला घेरी येते, छातीत धडधडते, तिला आधी हृदयाच्या डॉक्टरकडे नेतात, मग देवस्थानात, मग ज्योतिषाकडे. मानसोपचारतज्ज्ञाचे नाव निघाले की आजी म्हणते, 'आमच्या घरात वेड कोणाला नव्हते.' देवस्थानात जाण्यास आमचा आक्षेप नाही. मात्र यादीत शेवटी यायला नको त्याला आपण शेवटी ठेवतो आणि तोवर वर्ष निघून जाते, एवढे आम्हांला सांगावयाचे आहे.

क्षयाच्या बाबतीत समाज बदलला, तो केवळ उपदेशाने बदलला नाही. इलाज आहे हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले तेव्हा लाज ओसरू लागली. सरकारने १९९७ पासून सुधारित क्षयरोग कार्यक्रम देशात राबविला. त्यातली मुख्य युक्ती वैद्यकीय नव्हतीच. रोग्याने गोळी घेतली की नाही हे पाहायला जवळचे एक माणूस नेमायचे, ही ती युक्ती. २०१८ पासून रोग्याला पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते एक हजार झाले. रक्कम तोकडी आहे, पण रोग्याला जेवण लागते हे सरकारने मान्य केले. मनाच्या आजाराला मात्र जेवण, झोप, सोबत आणि रोज विचारपूस करणारे एक माणूस लागते, हे मान्य करणारी योजना अजून आपल्याकडे घरोघर पोहोचलेली नाही.

विज्ञानाच्या इतिहासातील एक योगायोग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. कुमार अंथरुणातून उठत होते त्याच सुमारास, १९५२ साली, न्यूयॉर्कमधल्या एका क्षयरुग्णालयात इप्रोनियाझिड हे नवे औषध रोग्यांना देऊन पाहिले जात होते. फुप्फुसांवर काय परिणाम होतो हे डॉक्टर तपासत असताना परिचारिकांच्या ध्यानात आले की वर्षानुवर्षे पडून असलेले, भिंतीकडे तोंड करून राहिलेले रोगी हसू-बोलू लागले आहेत, त्यांना भूक लागते आहे. पुढे काही वर्षांनी तेच औषध खिन्नतेवरील उपचार म्हणून वापरात आले आणि तेथून उदासीनतेवरील औषधांचे आधुनिक युग सुरू झाले. पुढे दुष्परिणामांमुळे ते मागे पडले, ही गोष्ट वेगळी. पण मनाला औषध लागू पडते, कारण मनही देहाचाच व्यापार आहे, ही गोष्ट क्षयाच्या वॉर्डात सिद्ध व्हावी यात काही अर्थ आहे.

अर्थात आपल्या परंपरेला हे नवे नव्हते. धारचा राजा भोज अकराव्या शतकातला. त्याच्या नावावर पतंजलीच्या योगसूत्रांवरील 'राजमार्तंड' ही वृत्ती आहे. तिच्या आरंभी तो सांगतो की व्याकरण, योग आणि वैद्यक या तिन्ही शास्त्रांवर आपण ग्रंथ लिहिले, आणि वाणीचा, चित्ताचा व शरीराचा असा तिन्ही प्रकारचा मळ दूर करण्याचा प्रयत्न केला. वैद्यकावरील त्याच्या ग्रंथाचे नाव 'राजमृगांक'. देह आणि चित्त यांची खाती वेगवेगळी नाहीत, राजाने दोहोंकडे पाहावे, ही समज हजार वर्षांपूर्वी धारच्या दरबारात होती. आज भोजाचे नाव त्या गावात ज्या वादांसाठी घेतले जाते, त्यांत या गोष्टीचा उल्लेख येत नाही. मध्य प्रदेश सरकारने २०१६ साली 'आनंद विभाग' नावाचे खाते काढले आणि असे खाते काढणारे पहिले राज्य म्हणून ख्याती मिळविली. भोजराजाला त्याचे कौतुक वाटले असते की हसू आले असते, हे सांगणे अवघड आहे.

कारण धार जिल्ह्यातील तरुणांचे दुःख फार मूर्त आहे. हा जिल्हा मुख्यत्वे भिल्ल आणि भिलाला आदिवासींचा. येथील अनेक गावांत विहिरी आणि कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण घातक आहे. लहानपणी ते पाणी प्यायलेल्या मुलाचे दात पिवळे-तपकिरी होतात, पुढे हाडे आखडतात. असा मुलगा शहरातल्या महाविद्यालयात गेला की तोंडावर हात धरून बोलतो, मुलाखतीला जायचे टाळतो. हा दातांचा आजार की मनाचा? याच पट्ट्यात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आहे. २०४७ पर्यंत तो नाहीसा करण्याचा संकल्प करणारी राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोल येथून सुरू झाली, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी धार जिल्ह्यात पंतप्रधानांच्या हस्ते स्त्रियांच्या आरोग्याच्या अभियानाचा आरंभ झाला तेव्हाही सिकल सेलच्या तपासणीपत्रांचा विषय होताच. तपासणी होते, पत्र हाती पडते. ते पत्र घेऊन वसतिगृहात परतलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला त्या रात्री काय वाटते, आपले लग्न होईल का, आपल्याला मुले व्हावीत का, असे प्रश्न ती कोणाला विचारते? अधीक्षिका हजेरी घेते आणि दिवे मालवते. शरीराची तपासणी करणाऱ्या मोहिमेत मनाचा धक्का पेलणारे माणूस नेमण्याची तरतूद अगत्याची आहे.

आता देशाचा हिशेब. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. विद्यार्थ्यांच्या या आकड्यात महाराष्ट्र पहिला होता आणि मध्य प्रदेश पहिल्या तिघांत होता. वृत्तपत्रे अशा मृत्यूंची बातमी 'परीक्षेत नापास झाल्याने' अशा एका ओळीत देतात. आमच्या व्यवसायाची ही सवय वाईट आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या कारणांत परीक्षेतील अपयशाहून घरगुती कलहाचा वाटा मोठा आहे, असे तोच अहवाल सांगतो. निकालाच्या दिवशी जे दिसते ते बहुधा शेवटचे टोक असते. त्यामागे महिनोन्‌महिने चाललेला, उपचाराने बरा होऊ शकणारा आजार असतो, किंवा घरात न बोलता येणारी एखादी गोष्ट असते. बंगळुराच्या 'निम्हान्स'ने २०१५-१६ साली मध्य प्रदेशासह बारा राज्यांत केलेल्या पाहणीत असे आढळले की बहुतेक मानसिक आजारांत शंभरापैकी सत्तराहून अधिक रोग्यांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत.

तज्ज्ञ कोठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. देशात मानसोपचारतज्ज्ञ लाखाला एक देखील नाही. पण या प्रश्नाचे एक उत्तर गोव्यातच तयार झाले आहे आणि त्याची आपल्याला पुरेशी जाणीव नाही. १९९६ साली येथे स्थापन झालेल्या 'संगथ' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली एक साधी कल्पना तपासून पाहिली. वैद्यकाची पदवी नसलेल्या, पण नीट शिकविलेल्या स्थानिक स्त्री-पुरुषांनी उदासीनतेच्या रोग्यांशी ठरावीक पद्धतीने बोलावे, आणि गरज पडेल तेव्हाच डॉक्टरकडे पाठवावे. गोव्यातील सरकारी आरोग्यकेंद्रांत हे करून पाहिल्यावर रोग्यांत लक्षणीय सुधारणा दिसली, आणि हे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढच्या प्रयोगातली उपचारपद्धती तर इतकी घरगुती आहे की तिला शास्त्र म्हणायला काही जण कचरतील. रोग्याबरोबर बसून, त्याने सोडून दिलेल्या गोष्टींपैकी झेपेल अशी एखादी लहान गोष्ट पुन्हा सुरू करावयाची. सकाळी अंगणात जाऊन बसणे, शेजाऱ्याशी चार शब्द बोलणे, जुनी पेटी उघडणे. देवासला अंथरुणावर पडून माळवी गाणी ऐकणाऱ्या आणि त्यांचे चिंतन करणाऱ्या कुमारांना कोणी हे शिकविले नव्हते. पण औषधाच्या जोडीला जे घडत होते ते याहून फार वेगळे नसावे.

याच मंडळींनी बिहारच्या माध्यमिक शाळांत केलेला प्रयोग शिक्षणखात्याने वाचण्यासारखा आहे. शाळेचे वातावरण सुधारण्याचा एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी राबविला आणि काही शाळांत बाहेरून नेमलेल्या, त्याच कामासाठी असलेल्या साध्या समुपदेशकांनी. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की समुपदेशक होते तेथे दादागिरी कमी झाली, मुलांची उदासीनता घटली. शिक्षकांवर सोपविलेल्या शाळांत फारसा फरक पडला नाही. याचा दोष शिक्षकांना देणे अन्यायाचे होईल. ज्याच्या हातात गुण आणि छडी दोन्ही आहेत त्याच्याजवळ मूल मन उघडे करीत नाही, आणि जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सारी कामे ज्याच्या माथी मारली जातात त्याला ऐकायला वेळही नसतो. तेव्हा 'प्रत्येक शाळेतील एका शिक्षकाला दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊ' असे परिपत्रक जेव्हा जेव्हा निघेल, तेव्हा हा प्रयोग आठवावा. धार-देवासच्या शेजारच्या सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना हेच काम शिकविण्याचे प्रयत्न याच संस्थेने केले. म्हणजे गोव्यात उगवलेले बी माळव्याच्या वेशीपर्यंत पोहोचले आहे. आपल्याच विद्यालयांत ते का रुजू नये?

कायद्याची बाजू आता दुबळी राहिलेली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षा करू नये आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी, असेही सांगितले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतून तर दंड संहितेतील ते जुने ३०९ कलमच गेले. तरीही पोलिसांची चौकशी होईल या भीतीने मुलाला रुग्णालयात न नेणारी घरे आहेत. त्यांना हे कोणीतरी सांगितले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी, वसतिगृहात राहून परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत. चारचौघांत पाणउतारा करू नये. मदतीचे दूरध्वनी क्रमांक वसतिगृहांत ठळकपणे लावावेत. शिकवणीवर्गही यातून सुटलेले नाहीत. 'टेली-मानस' या केंद्र सरकारच्या सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येते, आणि पैसे पडत नाहीत. हा क्रमांक आपल्या किती विद्यालयांच्या फलकावर आहे, हे वाचकांनी आपापल्या पाल्याच्या शाळेत जाऊन पाहावे.

पालक-शिक्षक संघाच्या सभा आता सुरू होतील. गणवेश, बस आणि शुल्क यांवर तेथे तासन्‌तास खल होतो. त्याच सभेत मुख्याध्यापकांना तीन प्रश्न विचारावेत अशी आमची सूचना आहे. समुपदेशक कोण आहे, ती व्यक्ती आठवड्यातून किती दिवस येते, आणि तिच्याकडे जाणाऱ्या मुलाला वर्गातून उठताना सर्वांदेखत कारण सांगावे लागते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल तर पहिल्या दोहोंचा फारसा उपयोग नाही. मुलांसाठी विशेष खोली बांधण्याची गरज नाही. वाचनालयाच्या कोपऱ्यात दोन खुर्च्या आणि एक दार असले तरी भागते. शिक्षणखात्याने या पदांसाठी अर्थसंकल्पात किती रक्कम ठेवली आणि कंत्राटी नेमणुका दरवर्षी मार्चअखेर संपून मुलांना दर जूनमध्ये नव्या माणसाशी ओळख करून घ्यावी लागते की काय, हे विधानसभेत विचारण्याचे काम आमदारांचे आहे.